भरिताच्या डब्यावर ‘जीएम-मुक्त’ असे लिहावे का?

प्रश्न : बडगी (तालुका यावल)

सर्वांना नमस्कार. आम्ही अकरा जणी मिळून एक बचत गट चालवतो आणि हिवाळ्याच्या चार महिन्यांत भरिताची वांगी व तयार भरीत जळगाव, नाशिक आणि पुण्याला पाठवतो. वांगी आमच्याच शिवारातली, फिकट हिरव्या रंगाची, बियांना कमी आणि भाजल्यावर साल अलगद सुटणारी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसोबत ठेचायची, वरून शेंगदाणे, खोबरे आणि कांद्याची पात घालायची, आणि सोबत पुऱ्या. खान्देशातल्या वाचकांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

गेल्या महिन्यात पुण्यातील एका गृहसंकुलातून आजवरची सर्वांत मोठी मागणी आली. अट एकच होती, की प्रत्येक डब्यावर ‘जीएम-मुक्त’, म्हणजे जनुकीय बदल केलेले काहीही नसलेले, असे स्पष्ट छापलेले असावे. मी लगेच होकार दिला, कारण वांग्याचे बियाणे घरचे आहे. पिकलेले वांगे सुकवून, धुऊन, राखेत घोळून आम्हीच ते धरतो. रात्री जेवताना हा विषय निघाला तेव्हा माझ्या नणंदेने सहज विचारले, की पुऱ्या कोणत्या तेलात तळता? मी म्हटले, सरकीच्या. त्यावर ती म्हणाली, की मग ती सरकी कोणत्या कपाशीची आहे? आमच्या घरी २००४ पासून बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेली कपाशीच लागते, आणि गावात दुसरी कपाशी उरलेलीच नाही. पुढे तर असेही लक्षात आले, की ज्या काड्यांवर वांगी भाजतो त्या बीटीच्या, आणि ज्या म्हशीचे दूध आम्ही पितो तिच्या पुढ्यातली ढेपही बीटीच्या सरकीची.

सासऱ्यांना मी विचारले, की उद्या बीटी वांगे आले तर तुम्ही लावाल का? ते म्हणाले, “लावणार नाही आणि खाणारही नाही. कापूस मी विकतो, वांगं मी खातो.” सरकीच्या तेलाची आठवण करून दिल्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांचे मतही बदलले नाही. हे माझ्या मनातून जात नाही. वीस वर्षे जे तंत्रज्ञान त्यांनी स्वतःच्या शेतात वापरले, त्यावर ताटाच्या बाबतीत त्यांचा विश्वास का नसावा? तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. प्रामाणिकपणे ‘जीएम-मुक्त’ असे लिहिता येईल का? आणि लोकांच्या मनात जी धास्ती आहे ती निव्वळ अज्ञान म्हणून सोडून द्यावी, की तिच्यात काही तथ्य आहे?

प्रतिसाद : गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, मी कृषी शिक्षणाच्या क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. प्रथम वस्तुस्थिती सांगतो, कारण आपल्याकडे या विषयात तीन-चार निरनिराळ्या गोष्टींची सर्रास सरमिसळ होते. संकरित बियाणे म्हणजे जीएम नव्हे. दोन वाणांचा संकर करून ते तयार होते, आणि दरवर्षी नवे घ्यावे लागते ते पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत म्हणून. रावेर-यावलच्या पट्ट्यातली टिश्यूकल्चर केळी हीसुद्धा जीएम नव्हे. निवडलेल्या कंदाच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत वाढवलेली ती रोपे आहेत, जनुकात बाहेरून काहीही घातलेले नसते. सावद्याच्या बाजारात एका शहरी पाहुण्याने ग्रँड नैन केळीला ‘जीएम केळी’ म्हटलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, आणि त्या बिचाऱ्या विक्रेत्याने मान डोलावलेलीही पाहिली आहे.

जीएम म्हणजे दुसऱ्या जीवातील जनुक प्रयोगशाळेत पिकात बसवणे. बीटी कपाशीत जमिनीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक आहे. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन बोंडअळीच्या आतड्यात, जिथे वातावरण अल्कधर्मी असते, सक्रिय होते आणि तिथल्या पेशींवरच्या ठरावीक जागांना, म्हणजे ग्राहींना, चिकटून आतडे फोडते. माणसाचे जठर आम्लधर्मी आहे आणि आपल्या आतड्यात ते ग्राही नाहीत. म्हणून ते प्रथिन आपल्याकडे इतर प्रथिनांसारखे पचून जाते. याच जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेती करणारेही करतात, ही बाब वादात सहसा कोणी काढत नाही.

आता आपल्या वांग्याबद्दल. बीटी वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी हिरवा कंदील दाखवला होता. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपल्या राज्यातले नागपूर होते, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी बेमुदत स्थगिती जाहीर केली. ती आजही कायम आहे. म्हणजे भारतात कायदेशीररीत्या पिकणारे कोणतेही वांगे जीएम नाही, आपले तर नाहीच. मात्र चोरटी लागवड कुठेच झाली नाही असे म्हणता येत नाही, कारण २०१९ मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात बीटी वांगी सापडली आणि ती नष्ट करण्यात आली. आपले बियाणे घरचे असल्याने आपल्याला ती शंका बाळगण्याचे कारण नाही.

तेलाचे म्हणाल, तर सरकी बीटीची आहे हे खरे. पण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि बीटीचा जो काही परिणाम असतो तो प्रथिनाचा असतो. म्हैस ढेप खाते म्हणून दूध जीएम होत नाही. काड्यांच्या धुराची काळजी तर मनातून काढूनच टाका. आरोग्याच्या दृष्टीने आपले भरीत निर्धोक आहे, एवढे मी निःशंकपणे सांगतो. डब्यावर काय लिहावे हा मात्र आरोग्याचा प्रश्न नाही, तो शब्द पाळण्याचा आहे. त्यावर इतरांनी बोलावे.

प्रतिसाद : डोमकळी (तालुका शिरपूर)

गिरणाकाठ सरांनी जे सांगितले त्यातले एकही वाक्य मला खोडायचे नाही. पण ताईंच्या सासऱ्यांना त्याने उत्तर मिळत नाही, कारण त्यांचा अविश्वास आतड्यातल्या ग्राहींवर नाही. मी बावीस एकर कोरडवाहू आणि थोडी बागायती कपाशी करतो, आणि त्यांच्याच वयाचा आहे, म्हणून त्यांच्या मनातले थोडेफार सांगू शकतो असे वाटते.

बीटी कपाशीला २००२ च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीची वर्षे आम्हाला स्वर्गासारखी गेली, हे कबूल न करणे कृतघ्नपणा ठरेल. हिरव्या बोंडअळीसाठी पाठीवर पंप घेऊन आठवड्याआड फिरणारा माणूस एकाएकी मोकळा झाला. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले तेव्हा दुकानदार सांगत होता, की आता अळी विसरून जा. आम्ही विसरलो. मग २०१७ आले. बाहेरून धडधाकट दिसणारे बोंड फोडले की आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी, ही त्या वर्षीची गोष्ट महाराष्ट्रात कोणत्याही कपाशीवाल्याला विचारा. फुलाच्या पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात, तिला आम्ही डोमकळी म्हणतो. माझे इथले टोपणनाव तिथूनच आले आहे.

आता यात चूक कोणाची? बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक पुडी यायची, बिगरबीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने लावायची होती, म्हणजे त्या ओळींवर जगलेल्या अळीचा पतंग बीटीवर टिकून राहिलेल्या अळीच्या पतंगाशी संकर करील आणि प्रतिकारशक्ती लवकर वाढणार नाही. माझ्या माहितीतल्या बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली, मीही फेकली. तिचे काम काय, हे मला कोणी धड सांगितले नव्हते. दुकानदाराच्या लेखी ती मोफत मिळालेली कटकट होती. शिवाय आम्ही फरदड घेतली, मार्च-एप्रिलपर्यंत कपाशी उभी ठेवली आणि अळीला बारमाही मुक्काम दिला. सगळा दोष कंपनीवर ढकलणे मला पटत नाही. पण पंचनाम्याच्या वेळी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि पीक मात्र माझे गेले होते. ज्याच्या अंगावरून हे गेले आहे तो वांग्याच्या वेळी म्हणणारच, की कापसात फसलो तर पैसे गेले, ताटात फसलो तर काय जाईल हे सांगणारा कोण?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी अर्धेच बोललो असे होईल. हेच आम्ही शेतकरी तणनाशकाला न जुमानणारे विनापरवाना बियाणे, ज्याला सगळे चोरबीटी म्हणतात, रात्रीच्या वेळी विकत घेतो. बिल नाही, हमी नाही, उगवले नाही तर तक्रार करायला जागा नाही. निंदणीला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही, हे त्याचे कारण आहे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी असे बियाणे जाहीरपणे पेरले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी मनाने होतो. तेव्हा शेतकरी तंत्रज्ञानाला घाबरतो हे म्हणणे खोटे आहे. जिथे गरज गळ्याशी येते तिथे तो हमीसुद्धा मागत नाही. वांग्याला तशी गरज ताईंच्या सासऱ्यांना वाटत नाही, कारण चार वांगी किडली तर ती म्हशीपुढे टाकता येतात.

प्रतिसाद : सातपुडा

इतके सगळे वाचून झाले, पण जीएम मका खाऊ घातलेल्या उंदरांना केवढाल्या गाठी झाल्या होत्या त्याची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली आहेत. त्यावर सर एक अक्षर बोलत नाहीत. शिवाय हेच लोक नपुंसक बियाणे आणणार होते, म्हणजे शेतकरी कायमचा बांधला गेला असता. यांच्यावर विश्वास का ठेवायचा?

प्रतिसाद : गिरणाकाठ

विचारलेत हे बरे केलेत. ती छायाचित्रे फ्रान्समधील सेरालिनी यांच्या २०१२ च्या शोधनिबंधातील आहेत. त्यांनी उंदरांची जी जात वापरली तिला वय वाढल्यावर एरवीही मोठ्या प्रमाणावर गाठी होतात, आणि प्रत्येक गटात उंदीर इतके कमी होते की त्यावरून निष्कर्ष काढणे शक्य नव्हते. ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला त्यानेच २०१३ मध्ये तो मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात जीएम अन्नामुळे माणसाच्या आरोग्याला अधिक धोका असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही. त्याच अहवालात हेही म्हटले आहे, की या पिकांमुळे अमेरिकेत उत्पादनवाढीचा वेग वाढल्याचे दिसत नाही. हे वाक्य समर्थक क्वचितच उद्धृत करतात.

पुन्हा न उगवणाऱ्या बियाण्याचे तंत्र खरे होते. त्याला १९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, पण ते बाजारात कधीच आले नाही, आणि भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार तसे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच होऊ शकत नाही. तुमचा राग अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु जे घडले नाही त्याचा राग आणि जे घडले त्याचा राग वेगवेगळा ठेवावा, ही विनंती.

प्रतिसाद : तराजू (मूळ धुळे, सध्या पुणे)

मी अन्नपदार्थांच्या तपासणीच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे डब्याच्या प्रश्नाबद्दल थोडे सांगू शकेन. आधी ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण ‘लोक अडाणी आहेत’ हे उत्तर आमच्या क्षेत्रात फार सहज दिले जाते.

त्या उत्तराला आधार नाही असे नाही. अमेरिकेत प्यू संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८८ टक्के वैज्ञानिकांनी जीएम अन्न खाण्यास सुरक्षित असल्याचे म्हटले होते, तर सामान्य नागरिकांत हेच प्रमाण ३७ टक्के होते. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की जीएम अन्नाला सर्वांत तीव्र विरोध करणाऱ्यांना आपल्याला या विषयातले पुष्कळ कळते असे वाटत होते, पण विज्ञानाच्या साध्या प्रश्नांत त्यांचेच गुण सर्वांत कमी होते. हे वाचून आमच्यातले अनेक जण खूश होतात. मला मात्र डोमकळी काकांचे म्हणणे त्याहून अधिक पटते, कारण त्या १२० ग्रॅमच्या पुडीचे काम ज्याला सांगितलेच गेले नाही त्याचे गुण कमी पडणारच. धडा न शिकवता परीक्षा घेतल्यासारखे ते आहे.

आपल्या देशात तर प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. बीटी कपाशीला मान्यता देताना सरकी जनावरांना खाऊ घालून चाचण्या झाल्या होत्या, परंतु ती मान्यता लोकांपुढे आली ती धाग्याचे पीक म्हणून. सरकीचे तेल आपल्या कढईत येणार आहे, हे तेव्हा सामान्य घरात कोणाच्या ध्यानात आले? आयात होणारे सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचे असते आणि तिथले सोयाबीन बहुतांशी जीएम आहे. २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्याचे भाव भडकले तेव्हा सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. वांग्याच्या बाबतीत सात शहरांत सुनावण्या झाल्या आणि लोकांनी हिरिरीने ‘नको’ म्हटले; तेलाच्या बाबतीत विचारणाच झाली नाही आणि आपण पुऱ्या तळत राहिलो. तेल घातक आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याला न विचारता वाढले गेले आहे तो पुढच्या वेळी ताट झाकून घेतो, एवढेच सुचवायचे आहे. सासऱ्यांचे वागणे मला विसंगत वाटत नाही ते यामुळे.

मोहरीकडे पाहा. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने तयार केलेली डीएमएच-११ ही जीएम मोहरी सरकारी पैशातून झालेले संशोधन आहे, म्हणजे परदेशी कंपनीचा आक्षेप तिथे लागू होत नाही. तिला २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली, आणि २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मान्यतेच्या वैधतेवर परस्परविरुद्ध निकाल दिले. निर्णयप्रक्रियेवरच एवढ्या वरच्या पातळीवर मतभेद असतील, तर यावलच्या वयस्कर शेतकऱ्याने थांबून पाहणे हा शहाणपणाच म्हणावा लागेल. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि २०१४ मध्ये पहिली रोपे अवघ्या वीस शेतकऱ्यांना देऊन सुरुवात केली. तिथे फवारणी कमी झाल्याचे अभ्यास आहेत. आपल्याकडच्या वांग्यावर शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी किती औषध मारले जाते, हे ग्राहक कधी विचारत नाहीत. ताई, रागावू नका, पण पुण्याच्या त्या मंडळींनी ‘जीएम-मुक्त’ऐवजी ‘शेवटची फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी केली’ असे छापायला सांगितले असते, तर मला अधिक आनंद झाला असता.

आता डबा. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी भागावर ‘जीएम’ असे लिहिणे बंधनकारक आहे. आपण दुकानात किती पाकिटांवर ते पाहिले आहे? दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१८ मध्ये ६५ खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा २१ नमुन्यांत जीएम घटकांचा अंश सापडला, आणि त्यांतील बहुतेक आयात केलेले होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात एक टक्का किंवा त्याहून अधिक जीएम घटक असल्यास तसे लिहावे असे सुचवले होते. तेलाची पंचाईत अशी, की शुद्ध केलेल्या तेलात जनुकाचा अंश इतका नगण्य असतो की प्रयोगशाळेलाही ते जीएम पिकाचे आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे आपण ‘जीएम-मुक्त’ लिहिले तर चाचणीत कोणी पकडणार नाही. पण आपल्या नणंदेने मात्र पकडलेच.

माझे मत असे आहे. नुसत्या भरितावर हे शब्द लिहिले तर ते खोटे नाहीत, तरीही दिशाभूल करणारे आहेत. देशात कायदेशीररीत्या पिकणारी सगळीच वांगी जीएम-मुक्त असताना तुमचीच तेवढी वेगळी आहेत असा भास त्यातून होतो आणि शेजारच्या गावच्या वांग्यावर विनाकारण संशय येतो. पुऱ्यांसह डब्यावर लिहिले तर ते सरळ खोटे आहे. त्यापेक्षा जे आहे ते लिहावे. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घेतलीत तर ती ओळख तुम्हाला अभिमानाने छापता येईल.

प्रतिसाद : डोमकळी

तराजू ताई, फवारणीचा मुद्दा झोंबला, पण खरा आहे. बाजारात जाणाऱ्या वांग्यावर सकाळी औषध आणि संध्याकाळी तोडणी हे मी पाहिले आहे. स्वतःच्या घरचे वांगे मात्र त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात, बिनफवारणीचे. ‘वांगं मी खातो’ याचा हाही एक अर्थ निघतो.

प्रतिसाद : बडगी

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल गटाच्या बैठकीत हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. फवारणीच्या मुद्द्यावर दोघी जणी काही वेळ गप्प होत्या, आणि त्या का गप्प होत्या हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. वाद बराच झाला. एकीचे म्हणणे होते की गिऱ्हाईक मागते ते शब्द छापून मोकळे व्हावे, तेल कोण विचारायला येतो. शेवटी असे ठरले, की डब्यावर पुढील मजकूर राहील : ‘वांगी यावल तालुक्यातील, घरच्या बियाण्याची. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. शेवटची फवारणी तोडणीच्या … दिवस आधी. पुऱ्या सरकीच्या तेलात तळलेल्या.’ रिकाम्या जागेत आकडा हाताने लिहायचा, आणि ज्या शेतातून वांगी आली तिने स्वतः लिहायचा. शेंगदाणा तेलाचाही हिशेब करून पाहिला, पण डब्यामागे जी वाढ होते ती या हंगामात आम्हाला झेपणारी नाही.

पुण्याच्या मंडळींना हा मजकूर कळवला. त्यांनी पुऱ्या रद्द केल्या, भरिताची मागणी निम्म्यावर आणली, आणि सरकीचे तेल बीटीचे कसे याची चौकशी करणारा लांबलचक निरोप पाठवला आहे. त्याला या धाग्याचा दुवा दिला आहे. सासऱ्यांनीही मुलाकडून सगळे वाचून घेतले. त्यांची एकच दुरुस्ती आहे : आमच्याकडे पहिली बीटी कपाशी २००४ साली नव्हे, २००५ साली लागली, आणि १२० ग्रॅमची पुडी त्यांनी फेकली नव्हती, आजीने ती बांधावर टोकली होती.